काडीला रुपया

कोजागरीच्या मसाला दुधात केशर टाकताना हात आखडतोच. आखडू द्या. एका ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. फुलाला लाल तंतू तीन, म्हणजे ग्रॅमला साडेचारशे काड्या. चांगल्या काश्मिरी केशराचा भाव ग्रॅमला साडेचारशे रुपये धरला, तर काडीला रुपया पडला!

केशर दुर्मीळ म्हणून महाग, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. इराण टनांनी केशर पिकवतो. जगातलं दहापैकी नऊ भाग केशर त्याचंच. खरी महाग आहे ती त्यातली हातमेहनत, आणि तीही दोन-तीन आठवड्यांत उरकावी लागणारी.

श्रीनगरजवळच्या पांपोरला ऑक्टोबरच्या अखेरीस जमिनीलगत जांभळी फुलं येतात. रोप वीतभर उंचीचं, त्यामुळे कंबरेत वाकूनच खुडणी करायची, आणि ऊन चढायच्या आत. टोपल्या घरी आल्या की पुढचं काम सुरू. सगळं घर ढिगाभोवती बसतं. पाकळ्या एकीकडे, पिवळे पुंकेसर दुसरीकडे आणि लाल तंतू तिसरीकडे. नुसती लाल टोकं म्हणजे मोंगरा. खालचा पिवळट देठ तसाच ठेवला तर तो लच्छा. त्याचा भाव कमी. पाच किलो ओले तंतू वाळवले की हाती जेमतेम किलोभर येतं. गंमत म्हणजे आपण ज्याला केशराचा वास म्हणतो तो ताज्या फुलात फारसा नसतो. तंतूंत पिक्रोक्रोसिन नावाचं कडवट द्रव्य असतं, त्यापासून वाळताना सॅफ्रनाल तयार होतं. वाळवण बिघडलं की वासही गेला.

त्यात हे झाड वांझ. बी धरतच नाही. कंद खणायचे, सुटे करायचे, पुन्हा लावायचे. माणसानं हे हजारो वर्षं केलं म्हणून केशर टिकलं. बीच नाही, तर संकर करून नवं वाण काढण्याची सोयही नाही. काश्मीरचं पीक पावसावर. ऑगस्ट-सप्टेंबरची सर चुकली की फुलं रोडावतात, आणि उरलेले कंद साळिंदरं उकरून खातात. तिथलं लागवडीखालचं क्षेत्र नव्वदच्या दशकात सुमारे ५७०० हेक्टर होतं, ते पुढे ३७००च्या आसपास आलं. २०१० मध्ये सरकारनं राष्ट्रीय केशर मिशन सुरू केलं, २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अलीकडे पुण्यातही बंद खोलीत थंडी खेळवून केशर घेण्याचे प्रयोग झाले. थंडी यंत्रानं आणता येते. फुलातून तंतू काढायला मात्र शेवटी बोटंच लागतात.

इतका भाव असला की भेसळ आलीच. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये भेसळ करणाऱ्याला त्याच्या मालासकट जाळल्याची नोंद आहे. भेसळीचा जुना माल मात्र आपल्या ओळखीचा आहे: करडई. सोलापूर-मराठवाड्याकडे रब्बीत तेलासाठी जी पेरतात तीच. तिच्या वाळलेल्या केशरी पाकळ्या लांबून केशरासारख्याच दिसतात. जवळून पाहिलं तर फरक कळतो. केशराची काडी एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट होते, करडईची पाकळी बारीक नळीसारखी असते. रंग चढवलेले इतर धागे ओळखायला कोमट पाणी पुरे. खरं केशर सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. नकली धागा पाण्यात पडताच लाल रंग ओकतो आणि स्वतः पांढरा पडतो.

म्हणून पूड घेण्याच्या भानगडीत पडू नये. तिच्यात काय कुटलंय ते कोण सांगणार? काड्याच घ्याव्यात. चिमूटभर साखरेबरोबर खलात घोटून कोमट दुधात अर्धा तास भिजवल्या, तर वीस-पंचवीस काड्यांत घरच्या चौघांचं श्रीखंड रंगतं आणि घमघमतं. वाटीमागे सहा रुपये. वर पसरलेल्या बदाम-पिस्त्यांचा खर्च बहुधा याहून जास्त.