क्षयाची गोळी आणि जंतूतला छोटासा बदल

सूर्यमाळच्या आसपासची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. घरी कोणी क्षयरुग्ण असल्यास गोळ्या खंडित होऊ देऊ नका. रिफाम्पिसिन जंतूच्या आरएनए पॉलिमरेज या विकराच्या एका उपघटकाला चिकटून त्याचे काम बंद पाडते. (यीस्टमध्ये आणि आपल्या पेशींतही असे विकर असतात, घडण वेगळी म्हणून ते बचावतात.) कोट्यवधी जंतूंत एखाद्याचा हा उपघटक आपसूकच बदललेला असतो. तिथे औषध चिकटत नाही. गोळ्या चुकत गेल्या, की तोच फोफावतो. सीबीनॅट तपासणीत हा बदल सुमारे २ तासांत कळतो. लघवी नारिंगी झाली म्हणून आजोबांची गोळी थांबवू नका. तो औषधाचाच रंग. गाव सोडण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगून पुढची औषधे कुठे मिळतील, ते ठरवून घ्या.