थंडीनं करपलेल्या झाडावर कात्री चालवण्याआधी

जानेवारीच्या लाटेत निफाडचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि बागेतली जास्वंद, क्रोटन काळवंडतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही पानांवर हिमकण दिसतात. बर्फ बहुधा आधी पेशींच्या मधल्या जागेत तयार होतो. तो पेशीतलं पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसते, तिचं आवरण फाटतं. ऊन चढलं की आतला रस पाझरतो आणि पान उकडल्यासारखं लिबलिबीत होतं.

अशा वेळी हात कात्रीकडे जातोच. कृपा करून थांबा! छाटणीनं डोळे फुटू लागतात आणि ती कोवळी पालवी पुढच्या लाटेत सगळ्यात आधी जाते. करपलेली पानं कुरूप दिसोत, खालच्या फांदीला तीच आडोसा देतात. युरियाही आत्ता नको. माती सुकली असेल तर पाणी मात्र जरूर द्या. ओलसर जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते.

थंडी सरली की नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर खाली सरकत जा आणि हिरवं सापडेल तिथं, डोळ्याच्या किंचित वर कापा. केळ तर वरून पार गेली तरी उपटू नका. जमिनीतला कंद शाबूत असेल तर ऊन तापू लागल्यावर मुनवे येतात.