शरद लागला, वारसा बघायला चला!

पुसेगावकरांनो, पाऊस उघडला की आपल्या हिंगोलीत इतिहास बघायचे दिवस सुरू होतात. मोठं संग्रहालय जवळ नसलं म्हणून काय झालं?

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन: १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. घरातल्या आजी-आजोबांना तेव्हाच्या आठवणी विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

दसरा: हिंगोलीचा दसरा महोत्सव जुना आणि नावाजलेला. गर्दी असते, लेकरांचा हात सोडू नका.

कार्तिकी एकादशी: परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म याच तिथीला, १२७० साली, आपल्या शेजारच्या नर्सीत झाला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

१९ ते २५ नोव्हेंबर, जागतिक वारसा सप्ताह: औंढा नागनाथला जा. दर्शन झालं की लगेच परतू नका, बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घाला. खाली काळ्या दगडावरचं दाट कोरीवकाम आणि वर नंतरचं पांढरं शिखर, हा फरक लेकरांनाच शोधू द्या. नंदी देवासमोर नाही, तो कुठे आहे तेही विचारा.

दिवाळीच्या सुट्टीत लांब जाणार असाल तर धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठा. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं तिथलं संग्रहालय सातवाहनकाळातल्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या.

आणि घरात मोडीतले जुने कागद सापडले तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. फोटो काढा, कोरड्या जागी ठेवा.

तुमच्याकडे काय जुनं आहे? फोटो टाका!