गाणे तेच, काळ बदलला

गुरुग्राम, डिसेंबर २०१२
- १६ डिसेंबर : दिल्लीत धावत्या बसमध्ये तरुणीवर सामूहिक बलात्कार. २९ डिसेंबरला सिंगापूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू.
- ३१ डिसेंबर : तेव्हाच्या गुडगावमधील (२०१६ पासून गुरुग्राम) ब्रिस्टल हॉटेलात रॅपर हनी सिंगचा नववर्षाचा कार्यक्रम ठरला होता. बलात्काराचे वर्णन करणाऱ्या, त्याच्या नावाने इंटरनेटवर आधीपासून फिरत असलेल्या गाण्यावरून ऑनलाइन सह्यांची मोहीम. कार्यक्रम रद्द. ते गाणे आपले नसल्याचा गायकाचा खुलासा.

आधीची दोन गाणी
- ‘ब्राऊन शुगर’ (१९७१) : रोलिंग स्टोन्स. विषय : गुलामगिरी आणि गुलाम स्त्रीवरील लैंगिक अत्याचार, चाल मात्र नाचती. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. २०२१ च्या दौऱ्यात बँडने ते वगळले.
- ‘चोली के पीछे’ (१९९३) : चित्रपट ‘खलनायक’. अश्लीलतेच्या आरोपावरून दिल्लीच्या न्यायालयात अर्ज. तो फेटाळला गेला.

कायदा काय सांगतो?
- अश्लील गाणे : सार्वजनिक ठिकाणी म्हणून इतरांना उपद्रव दिल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९४. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९६.
- जुनी कसोटी : इंग्लंडमधील हिक्लिन खटला, १८६८. सहज बिघडू शकणाऱ्या मनावर मजकुराचा काय परिणाम होईल, हा निकष.
- आजची कसोटी : सर्वोच्च न्यायालय, २०१४, अवीक सरकार खटला. समकालीन समाजाचे मापदंड लावायचे आणि मजकूर संदर्भासह पाहायचा.
- २०१३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती : पाठलाग आणि चोरून पाहणे हे स्वतंत्र गुन्हे. लैंगिक शेरेबाजी लैंगिक छळात समाविष्ट.