पीराचा नवस आणि जनगणनेचा रकाना

मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. गावात त्यांची गढी आहे आणि तिथंच चाँदशहावली बाबांचा दर्गाही. मूल होईना म्हणून मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि पीराच्या नावावरूनच मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव असं आलेलं! मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद यांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला तोही मालोजींनीच, असं म्हणतात.

नवस करताना त्यांना धर्म कुणी विचारला नसावा. ‘हिंदू’ हा शब्द मुळात सिंधू नदीवरून इराणी लोकांनी वापरलेला. दारियसच्या शिलालेखांत तो मुलखाचं नाव आहे. माणसामाणसाला एकाच धर्माच्या रकान्यात बसवायची घाई इंग्रजांच्या शिरगणतीला झाली. 1911 साली मुंबई इलाख्याच्या गुजरात भागात दोन लाखांच्या आसपास लोकांची नोंद ‘हिंदू-मुसलमान’ अशी झाली, तेव्हा वरिष्ठांनी कान उपटले: यांना कुठल्या तरी एकाच बाजूला घालायला हवं होतं.

वारीला असा रकाना लागत नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंग-आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते. पुढं बारामती सोडून काटेवाडीला पोचली की परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगर आपली मेंढरं रथाभोवती पळवतात. धुरळ्यात रथ दिसेनासा होतो. मेंढरांवर रोगराई येऊ नये, एवढंच मागणं. मग बेलवाडी, इंदापूरची रिंगणं होतात आणि सराटीला पादुकांना नीरास्नान घडतं.

म्हणून नावाला काहीच किंमत नाही, असं म्हणणं मात्र फार सोपं झालं. शेख महंमदांच्या त्याच श्रीगोंद्यात त्यांचं स्थान मंदिर की दर्गा, यावरून वाद पेटला. त्यात भक्तीपेक्षा जागेच्या कारभाराचा प्रश्न मोठा. पण दुसरं उदाहरण यापेक्षा अवघड आहे.

आताच्या महाराष्ट्राच्या हद्दीत 1951 साली बौद्धांची नोंद होती 2,487. डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा दिली आणि 1961 च्या जनगणनेत हा आकडा 27 लाखांच्या पुढं गेला. इथं नाव बदलणं हीच साधना होती. जुन्या नावासोबत आलेलं हीनपण त्या एका शब्दानं नाकारलं. त्याची किंमतही मोजावी लागली. राज्यापुरत्या सवलती महाराष्ट्रानं दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या तरतुदीत बौद्धांना जागा मिळायला 1990 उजाडलं. दाखल्यावर जुना धर्म ठेवला असता तर हक्क शाबूत राहिले असते, हे ठाऊक असूनही लाखोंनी शिरगणतीवाल्याला ‘बौद्ध’ असंच सांगितलं.