माळावरील तरवड

करमाळा तालुक्याच्या पश्चिमेस उजनी जलाशयाच्या कांठीं ऊस व केळी यांचे हिरवे मळे दिसतात. परंतु जेथें पाण्याची सोय पोहोंचलेली नाहीं अशा मुरमाड माळांवर, ओढ्यांच्या कडेस आणि शेतांच्या बांधांवर पिवळ्या फुलांनीं डवरलेलें एक झुडूप सर्वांच्या परिचयाचें आहे. तें म्हणजे तरवड. नवरात्रांत घटावर चढणाऱ्या माळेंत त्याचीं फुलें असतात; एरवीं त्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. बांध कोरतांना किंवा यंत्रानें जमीन सपाट करतांना तो प्रथम उपटला जातो. उलट, शेंगा धरणारें झाड म्हणून तो जमिनीस हवेंतील नत्र मिळवून देत असेल, असें वाटणेंही स्वाभाविक आहे. तरवड राखावा कीं काढावा, हें ठरविण्यापूर्वीं त्याची रचना समजून घेणें इष्ट होय.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं या झाडास ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ असें नांव दिलें. पुढें कॅसिया या मोठ्या वर्गाची फोड होऊन १९८२ नंतर ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ हें नांव सर्वत्र रूढ झालें. ऑरिक्युलाटा म्हणजे कानें असलेला. पानाचा देंठ जेथें फांदीस जोडलेला असतो तेथें दोन्ही बाजूंस कानाच्या पाळीसारखीं रुंद, गोलसर उपपर्णें असतात व तीं लवकर गळून पडत नाहींत. फुलें नसतांनाही तरवड ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

झुडूप सामान्यतः चार ते आठ फूट उंच वाढतें. साल तपकिरी असते. पान संयुक्त असून त्यांत पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका सुमारें एक इंच लांब व टोंकाशीं बोथट असते. पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मध्यें एक बारीक, उभी ग्रंथी दिसते. फूल जवळजवळ दोन इंच रुंद असतें. त्यास पांच पाकळ्या असून त्यांच्या कडा चुरगळल्यासारख्या असतात. पुंकेसर दहा, त्यांपैकीं वरचे तीन वांझ असतात. या फुलांत मध नसतो. परागकोश उभे न फाटतां टोंकाच्या छिद्रांतून उघडतात. भुंगा फुलास घट्ट धरून अंग थरथरवितो, तेव्हांच पराग बाहेर उडतो. बांधावर तरवड फुललेला असतां जो घुमणारा आवाज ऐकूं येतो, त्यांत या कार्याचाही भाग असतो. शेंग तीन ते चार इंच लांब, चपटी व कागदासारखी पातळ असते आणि प्रत्येक बी आपल्या स्वतंत्र खोबणींत बसलेलें असतें.

याच कुळांतील पिवळ्या फुलांच्या दोन वनस्पतींशीं तरवडाची गल्लत होऊं देऊं नये. टाकळा हा वर्षायु असून त्याच्या पानांत पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात आणि शेंग लांब व बारीक असते. कासविंद्याच्या पर्णिका टोंकदार असतात व ग्रंथी देंठाच्या बुडाशीं एकच असते. कासविंद्याच्या बिया जनावरांना विषारी आहेत. म्हणून त्या वैरणींत किंवा धान्यांत मिसळणार नाहींत अशी दक्षता घ्यावी.

आतां मुख्य प्रश्न नत्राचा. तूर, हरभरा, मूग, ताग यांचीं मुळें उपटून पाहिल्यास त्यांवर लहान गांठी दिसतात. त्यांतील रायझोबियम नांवाचे जिवाणू हवेंतील नत्र पिकास उपलब्ध करून देतात. परंतु शेंगा धरणाऱ्या प्रत्येक झाडास अशा गांठी येतात असें नाहीं. तरवड, टाकळा, बहावा यांच्या मुळांवर त्या येत नाहींत. म्हणून शेतांत तरवड उभा राहिल्यानें हवेंतील नत्र जमिनींत जमा होत नाहीं. त्याच्या पाल्यांतील नत्र त्यानें जमिनींतूनच घेतलेलें असतें.

मात्र यावरून त्याचा पाला निरुपयोगी ठरत नाहीं. पडीक माळावरील पाला तोडून शेतांत गाडला, तर माळाच्या मातींतील अन्नद्रव्यें शेतांत येतात. दक्षिण भारतांत भातखाचरांत तरवडाचा पाला अशा रीतीनें फार काळापासून घालण्यांत येत असे. परंतु ही देवघेव आहे, नवी कमाई नव्हे. दरवर्षीं एकच माळ ओरबाडल्यास तो निकृष्ट होणार. ज्यांस हवेंतील नत्र हवें त्यांनीं शेतांत ताग किंवा धैंचा पेरावा व बांधावर गिरिपुष्प लावावें. या तिहींच्या मुळांवर गांठी येतात.

तरवडाचें दुसरें मोल त्याच्या सालींत आहे. तींत सुमारें १५ ते २० टक्के टॅनिन असल्यामुळें कातडीं कमावण्यासाठीं, विशेषतः मद्रासकडील कारखान्यांत, तिला मोठी मागणी असे. विसाव्या शतकांत आफ्रिकेंतील वॅटलची साल आयात होऊं लागल्यावर ही मागणी घटली. तेलंगणांत मात्र तरवडास आजही मोठा मान आहे. तेथें त्यास तंगेडु म्हणतात. बतुकम्मा सणांत त्याचीं फुलें रचतात आणि तें त्या राज्याचें राज्यफूल आहे.

करमाळ्यासारख्या अवर्षणग्रस्त भागांत तरवडाचें खरें काम माती धरून ठेवण्याचें आहे. गुरें त्याचा पाला सहसा खात नाहींत, म्हणून चराईच्या माळावरही तो टिकतो. तथापि ज्या माळावर गवत हटून केवळ तरवडच उरला आहे, तेथें चराई प्रमाणाबाहेर झाली असें समजावें व कांहीं काळ तरी गुरें बंद ठेवावींत.

यावरून व्यवहार असा ठरतो. पिकाच्या ओळींत आलेला तरवड काढावा, कारण तो पिकाचें पाणी व अन्न घेतो. बांधावरील, घळीच्या तोंडाशीं असलेला व ओढ्याकांठचा तरवड मुळासकट कधींही उपटूं नये. वाढ अडचणीची झाल्यास वरून छाटावा. बुंध्यापासून तो पुन्हां फुटतो. नवीन बांधावर लावावयाचा असल्यास वाळलेल्या शेंगांतील बिया घ्याव्यात. त्यांचें कवच कठीण असतें. म्हणून गरम पाण्यांत टाकून रात्रभर भिजवाव्यात आणि पावसाच्या आरंभीं जागच्या जागींच टोकाव्यात. प्रथम मूठभर बियांवर हा प्रयोग करून उगवण पाहावी. एकदां वाहून गेलेली माती विकत आणावयाची झाल्यास तिची किंमत परवडणारी नाहीं. ती जागेवर राखणारें झुडूप मात्र आपल्या माळावर फुकट उगवत आहे.