हॅलोविनची संध्याकाळ आणि लाल भोपळ्याचे घारगे

ऑक्टोबर महिना सरत आला की गेली काही वर्षे पालकांकडून एक प्रश्न आम्हां धर्मगुरूंना हमखास विचारला जातो : ‘फादर, मुलांच्या शाळेत हॅलोविन आहे, पाठवावे की नाही?’ पूर्वी हा प्रश्न मुंबई-पुण्याचा होता. आता तो परभणी, सेलू, गंगाखेडपर्यंत येऊन पोहोचला आहे. ‘पाठवा, पण घरी आल्यावर त्याच्याशी बोला’ एवढे सांगून मी मोकळा होत असे. २०२४ साली मात्र परभणी जिल्ह्यातील एका मातेने विचारलेल्या प्रश्नातून मला इतक्या सहज सुटता आले नाही. तिच्या सात वर्षांच्या मुलाने वर्गात टांगलेला प्लॅस्टिकचा सांगाडा पाहिला होता आणि घरी येऊन विचारले होते, ‘आपली आजीपण आता अशीच झाली का? ती रात्री येईल का?’ आजीला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या ज्या खोलीत आजी निजत असे, तिकडे दिवेलागणीनंतर तो मुलगा पाऊल टाकीनासा झाला होता.

मी त्या भगिनीला विचारले, ‘आजी त्याच्यासाठी हौसेने काय करीत असत?’ ती म्हणाली, ‘लाल भोपळ्याचे घारगे.’ मग मी सुचविले, की ३१ तारखेला संध्याकाळी मुलाला घेऊन स्वयंपाकघरात बसा आणि तेच करा. धर्मगुरूने पाककृती सांगावी याचे कुणाला नवल वाटेल. परंतु या संध्याकाळचा आणि खाण्याच्या पदार्थांचा संबंध फार जुना आहे.

‘हॅलोविन’ हा ‘ऑल हॅलोज ईव्ह’ या जुन्या इंग्रजी शब्दसमूहाचा झिजलेला अवतार होय. ‘हॅलोज’ म्हणजे पवित्र जन, संत. ‘ईव्ह’ म्हणजे पूर्वसंध्या. सर्व संतांचा सण फ्रँक साम्राज्यात ८३५ सालापासून १ नोव्हेंबरला पाळला जाऊ लागला, तेव्हा पोपपदी चौथे ग्रेगरी होते. पुढे क्लुनीचे मठाधिपती संत ओडिलो यांनी ९९८च्या सुमारास आपल्या मठांतून २ नोव्हेंबरला सर्व परलोकवासी भाविकांसाठी प्रार्थना करण्याचा पायंडा पाडला. आयर्लंडमधील केल्टिक लोकांचा हिवाळ्याच्या तोंडाचा जुना सण याच दिवसांत येत असे, हे खरे. पण तेवढ्यावरून ही संध्याकाळ सैतानाला देऊन टाकणे मला घाईचे वाटते. ती आपलीच आहे. आपण ती विसरलो आणि दुकानदारांना ती सापडली, इतकेच.

या संध्याकाळच्या खाण्याविषयी एक गोष्ट आपल्यापैकी जुन्या मंडळींच्या लक्षात येईल. सणाचा हा पूर्वदिन ख्रिस्तसभेत उपवासाचा होता. त्या दिवशी मांस वर्ज्य असे. १९५५ साली पोप बारावे पायस यांच्या काळात झालेल्या सुधारणेत तो दिनदर्शिकेतून गळाला. आयर्लंडच्या घरांतून या रात्री शिजणारा बटाटा-कोबीचा साधा पदार्थ किंवा सुक्या फळांचा गोड पाव हा उपवासाच्या दिवसाला साजेसा आहार होय. इंग्लंडमध्ये गरिबांची मुले दारोदार गाणी म्हणत फिरत आणि ‘सोल केक’ नावाच्या छोट्या गोड चानक्या मिळवीत; मोबदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. पोर्तुगालमध्ये १ नोव्हेंबरच्या सकाळी मुले कापडी पिशव्या घेऊन ‘पाँव पोर देउश’, म्हणजे ‘देवाच्या नावे पाव’, मागत फिरतात. आपल्या मराठीतला ‘पाव’ हा त्याच पोर्तुगीज शब्दाचा भाऊ. सिसिली बेटावर तर मुलांना असे सांगितले जाते, की २ नोव्हेंबरच्या पहाटे घरातील परलोकवासी आजी-आजोबाच येऊन मिठाई ठेवून जातात. परभणीच्या त्या मुलाचा प्रश्न आणि सिसिलीच्या मुलांची ही समजूत शेजारीशेजारी ठेवून पाहा. ‘आजी रात्री येईल का?’ हेच दोन्हीकडे विचारले जाते. एका मुलाला त्याने झोप लागत नाही, दुसरी मुले आनंदाने पहाटेची वाट पाहतात.

आता भोपळ्याकडे वळू. आयर्लंडमध्ये मुले सलगमचा कंद कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ ते १८५२ या काळातील बटाट्याच्या दुष्काळात लक्षावधी आयरिश लोक देशोधडीला लागून अमेरिकेत गेले, आणि तिथे या कंदाची जागा कोरायला सोपा असलेल्या भोपळ्याने घेतली. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. आपल्याकडेही तो समुद्रमार्गे आलेला पाहुणा आहे, पण इतका रुळलेला की भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेल्या म्हातारीची गोष्ट न ऐकलेले मराठी मूल सापडणे कठीण. त्या गोष्टीत वाघ आहे, कोल्हा आहे, रानातली भीती आहे, आणि म्हातारी सुखरूप घरी पोहोचते. मुलांना मी ही गोष्ट घारगे थापतानाच सांगण्याची शिफारस करीन. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी पितृपक्षात पूर्वजांसाठी रांधल्या जाणाऱ्या भाज्यांमध्येही बहुधा भोपळा असतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

घारग्यांसाठी दोन वाट्या किसलेला लाल भोपळा चमचाभर तुपावर झाकण ठेवून मऊ होऊ द्यावा. त्यात एक वाटी चिरलेला गूळ घालून तो विरघळला की पातेले उतरवून घ्यावे. येथपर्यंतचे काम मोठ्यांचे. वितळलेला गूळ हाताला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. मिश्रण कोमट झाल्यावर मात्र परात मुलांच्या स्वाधीन करावी. चिमूटभर मीठ, थोडे किसलेले जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन ते अडीच वाट्या, घालून घट्ट मळावे. पाणी मुळीच घालू नये. भोपळ्याच्या अंगचे पाणी पुरते, हे मुलांना पटत नाही आणि ती हळूच पाणी ओततात, तेव्हा तांब्या दूर ठेवलेला बरा. अर्धा तास झाकून ठेवल्यावर तेलाचा हात लावून केळीच्या पानावर जाडसर घारगे थापावेत.

खेळ येथे सुरू होतो. बाटलीच्या लहान झाकणाने दोन डोळे पाडायचे, चमच्याच्या टोकाने तोंड कापायचे, कुणाचे हसरे, कुणाचे वाकडे, कुणाचे दात पडलेले. तळताना मुलांच्या लक्षात येईल, की चेहऱ्याचे घारगे फुगत नाहीत आणि साधे घारगे टम्म फुगतात. पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती दोन पापुद्र्यांत कोंडली की घारगा फुगतो, आणि डोळ्यांच्या भोकांतून निसटली की चपटाच राहतो, हे तिथल्या तिथे सांगता येते. गुळामुळे रंग लवकर चढतो, म्हणून आच मध्यम असावी. ज्यांना तळण नको, त्यांनी तव्यावर तूप सोडून भाजावेत; भोपळ्याला केशरी रंग देणारे द्रव्य स्निग्धांशात विरघळते आणि तुपासोबत ते शरीराला अधिक लागू पडते.

तिखटाचे म्हणाल तर मराठवाड्यातील मुलांना दोन प्रकारचे धपाटे मिळतात, त्यांपैकी खाण्याचे धपाटे या संध्याकाळसाठी जणू घडविलेलेच आहेत. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी-अर्धी वाटी डाळीचे पीठ आणि कणीक, लसूण-जिऱ्याचे वाटण, तीळ, ओवा, हळद, कोथिंबीर, मीठ आणि मुलांच्या बेताचे तिखट. ओल्या फडक्यावर थापताना आपल्या आया धपाट्याला बोटाने भोके पाडतातच, कारण त्यांतून सोडलेले तेल तळापर्यंत जाते. तीच भोके दोन डोळे आणि एक तोंड अशी पाडली की झाले भूत. वर कोथिंबिरीचे केस, टोमॅटोच्या फोडीची जीभ. पिठात वाटलेला पालक घातला तर हिरवा राक्षस होतो. कणकेचा हात थोडा आखडता घेतला तर मात्र राक्षसाचे कान तुटून येतात, कारण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी ताण धरणारी चिकटाई नसते. ‘परभणी मोती’ या ज्वारीच्या वाणाला आपल्या जिल्ह्याचे नाव लाभले आहे, ते परभणीच्या कृषी विद्यापीठामुळे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे नाव मुलांना सांगण्याची ही बरी संधी.

ज्यांना चुलीपाशी जायचेच नाही अशा लहानग्यांसाठी केळ्याचे अर्धे तुकडे उभे करून, लिंबाचा रस चोळून, त्यांवर काळ्या तिळांचे डोळे लावावेत. लिंबामुळे पांढरे भूत काळे पडत नाही. सोललेल्या संत्र्याच्या मधोमध कोथिंबिरीची काडी खोचली की इवलासा भोपळा तयार होतो. याच दिवसांत सीताफळेही येतात. पांढऱ्या गराच्या भुताला काळ्या बियांचे डोळे आयतेच असतात. मात्र त्या बिया विषारी असतात, म्हणून त्या दाताखाली फोडू देऊ नयेत आणि बियांचा हात डोळ्यांना लावू देऊ नये. चार-पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणेही देऊ नयेत. ते घशात अडकतात. त्यांचा कूटच बरा.

रंगाबाबत थोडे अधिक लिहिणे भाग आहे. बाजारात सुटा मिळणारा भडक रंग खाण्याचा असतोच असे नाही. २०२४च्या मार्च महिन्यात कर्नाटक सरकारने ‘बुढ्ढी के बाल’ या मिठाईतील ऱ्होडामाइन बी या रंगावर आणि गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. ऱ्होडामाइन हा मुळात कापडाला वापरण्याचा रंग. आपल्याकडे हळद आहे, बीट आहे, पालक आहे. वसमतची बाजारपेठ हळदीसाठी नावाजलेली. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तीही आपल्याच परभणीत होती. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते लालसर होते, आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. बिटाच्या रसाला लिंबू मानवते, सोडा मानवत नाही. एवढ्या जादूवर मुलांचा अर्धा तास सहज जातो, आणि खर्च जवळपास शून्य. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील कित्येक शेतांतले सोयाबीन पाण्याखाली गेले, त्यानंतरच्या ऑक्टोबरात मुखवटे आणि परदेशी चॉकलेटांची पाकिटे विकत घ्यायला सांगण्याची माझी तरी छाती झाली नसती.

बोटाच्या आकाराची बिस्किटे, लाल रसात बुडविलेले डोळे, यांविषयीही मला विचारतात. मला त्यांत रुची नाही, परंतु पापही दिसत नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तरुण मंडळी अक्राळविक्राळ नरकासुर उभे करतात आणि पहाटे ते जाळले जातात. कोकणात कडू कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडून त्याच असुराचा वध करतात. भीतीला आकार द्यायचा आणि मग तिला संपवायचे, ही रीत आपल्या मातीला अपरिचित नाही. फक्त ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तिथे सांगाडे आणि कवट्या नकोत. तिथे हसरे चेहरे करावेत आणि प्रत्येक चेहऱ्याला नाव द्यावे : आजी, पणजोबा, मुलाचे ज्यांच्या नावे नामकरण झाले ते संत.

त्या मातेने नंतर मला दूरध्वनीवरून जे सांगितले, ते येथे नोंदवितो. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती आणि सकाळीच शेजारच्या घरून फराळाचे ताट आले होते. मुलाने संध्याकाळी बारा चेहरे केले. तेरावा घारगा त्याने भोके न पाडता ठेवला, कारण, तो म्हणाला, आजीचे घारगे फुगायचे. तो फुगला. कुटुंबाने आजीचे नाव घेऊन प्रार्थना केली आणि तो घारगा चौघांत वाटून खाल्ला. शेजाऱ्यांचे ताट रिकामे कसे परत करायचे, म्हणून सहा हसरे घारगे त्यात घालून मुलगा स्वतः देऊन आला. जाताना तो आजीच्या खोलीतून गेला, कारण शेजारच्या घराकडचे दार त्याच खोलीत आहे. दिवा मात्र त्याने लावून घेतला होता.

घारगे दोन-तीन दिवस टिकतात. २ नोव्हेंबरला दफनभूमीत प्रार्थनेसाठी खेड्यांतून लवकर निघून एसटीने येणारे भाविक बहुधा उपाशीपोटीच आलेले असतात; तेव्हा ३१ तारखेला कणीक थोडी जास्तच भिजवावी आणि डबा बरोबर आणावा.